नाव ठेवण्याचा अधिकार

दिनांक १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा अर्थात सल्लेखना या व्रताविषयी आपला निकाल दिला. जयपूर येथील एका वकिलाने २००६ साली दाखल केलेल्या जनहित याचिकेवरील हा निकाल होता. सल्लेखना हे जैन धर्माचे अत्यावश्यक अंग असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. व्रत घेणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये आत्महत्येच्या प्रयत्नाचा आणि त्यास साहाय्य करणाऱ्यांवर कलम ३०६ अन्वये आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदविण्यात यावा, असा आदेश राज्य शासनास देण्यात आला. २४ ऑगस्ट रोजी देशभरातील जैन समाजाने दुकाने बंद ठेवून मौन मोर्चे काढले. ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली.

या एकवीस दिवसांत समाजाच्या वाट्याला जे आले, त्याचा विचार कायद्याच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. शब्दांच्या अंगाने मात्र तो फारसा झालेला नाही. अकरा ऑगस्टच्या सकाळी ज्या अजैन वाचकाने आयुष्यात प्रथमच ‘संथारा’ हा शब्द वाचला, त्याला तो ‘आत्महत्या’ या शब्दाच्या शेजारीच वाचावयास मिळाला. त्यानंतर आलेले प्रत्येक स्पष्टीकरण हे आरोपीच्या पिंजऱ्यातून दिलेले स्पष्टीकरण ठरले. समाजाचे वक्ते ‘ही आत्महत्या नव्हे’ असे सांगू लागले. परंतु ‘नव्हे’ म्हणतानाही त्यांना तोच शब्द उच्चारावा लागत होता. ज्याचा शब्द प्रथम रूढ होतो, त्याच्याच अंगणात पुढचा सारा वाद खेळला जातो.

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने वस्तूची ओळख होते, दुसऱ्याने तिची निंदा. वृत्तपत्रांच्या जगात ही दोन्ही कामे बहुधा एकाच वेळी उरकली जातात. एखाद्या घटनेला ‘दंगल’ म्हणावयाचे की ‘उठाव’, ‘विस्थापन’ म्हणावयाचे की ‘विकास’, हे ज्याने ठरविले त्याने बातमीचा अर्धा निर्णय तेथेच दिलेला असतो. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको (१९२६–१९८४) यांनी वेडेपणा, तुरुंग आणि रुग्णालये यांच्या इतिहासाचा अभ्यास करून हाच मुद्दा विस्ताराने मांडला. सत्ता केवळ दंडुक्याने चालत नाही. काय सामान्य, काय विकृत, कोण तज्ज्ञ, कोण अडाणी हे ठरविणाऱ्या ज्ञानाच्या साहाय्याने ती चालते. आणि त्या ज्ञानालाही उभे राहण्यासाठी सत्तेचा आधार लागतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. जैन समाजाला हे समजण्यासाठी पॅरिसला जाण्याचे कारण नाही. गेल्या दोनशे वर्षांचा समाजाचा स्वतःचा इतिहास त्याची साक्ष देतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वानांनी भारतातील धर्मांची मांडणी सुरू केली, तेव्हा जैन धर्म ही बौद्ध धर्माची एक शाखा आहे, असे मत लासेन, वेबर यांसारख्या मान्यवर पंडितांनी मांडले होते. दोन्ही परंपरांच्या कथांतील साम्य पाहून त्यांनी तसा तर्क केला होता. त्यात दुष्टावा नव्हता. अपुरी माहिती होती. परंतु ज्यांच्या हाती विद्यापीठे व ग्रंथप्रकाशन होते, त्यांची अपुरी माहितीसुद्धा प्रमाण मानली गेली. देरासरात नित्य पूजा करणाऱ्या लाखो श्रावकांना आपली परंपरा स्वतंत्र असल्याचे ठाऊक होते. पण त्यांचे ठाऊक असणे हे ‘ज्ञान’ या सदरात जमा होत नव्हते. हर्मान याकोबी या जर्मन पंडिताने १८७९ साली कल्पसूत्राची आवृत्ती प्रसिद्ध केली आणि प्राचीन बौद्ध ग्रंथांतच ‘निगंठ नातपुत्त’ म्हणून भगवान महावीरांचा उल्लेख प्रतिस्पर्धी परंपरेचे आचार्य या नात्याने येतो, हे दाखवून दिले. पुढे १८८४ व १८९५ साली त्यांनी केलेले जैन आगमांचे इंग्रजी अनुवाद ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेत आले आणि जैन धर्माचे स्वतंत्र अस्तित्व विद्वज्जगतात मान्य झाले. तरीही भगवान महावीर हे जैन धर्माचे ‘संस्थापक’ होत, असे वाक्य शालेय पुस्तकांतून आणि महावीर जयंतीच्या बातम्यांतून अद्याप डोकावतेच. चोविसावे तीर्थंकर संस्थापक कसे असू शकतील, हा साधा प्रश्नही त्या वाक्याला विचारला जात नाही. एकदा छापली गेलेली चूक पुढच्या छापणाऱ्याचा आधार बनते.

मात्र या प्रसंगात सारा दोष परक्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ते चुकीचे लिहीत होते, तेव्हा बरोबर काय ते सांगणारे ग्रंथ समाजाने कोठे ठेवले होते? त्याचे उत्तर मूडबिद्रीच्या इतिहासात आहे. दिगंबर परंपरेचा मूलाधार असलेल्या षट्खंडागमावरील धवला टीका आणि कषायप्राभृतावरील जयधवला टीका यांच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके सुरक्षित होत्या. परंतु त्यांचे केवळ दर्शन घडत असे, वाचन होत नसे. यात्रेकरूंनी हात जोडावेत आणि पुढे जावे, असा क्रम होता. ग्रंथ देवाप्रमाणे पूजिला जात होता आणि म्हणूनच तो ग्रंथ राहिला नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी या ताडपत्रांचे दर्शन घेतले, आणि त्यांची प्रतिलिपी करवून घेण्याचा ध्यास घेतला. ते काम सुमारे पाव शतक चालले. प्रती मठाबाहेर जाऊ देण्यास विरोध होता. आगम छापणे हे पाप मानणाराही मोठा वर्ग होता. अखेर अमरावतीच्या महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचा भार उचलला आणि १९३९ साली धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. संपूर्ण सोळा खंड बाहेर येण्यास सुमारे दोन दशके लागली. जे ज्ञान कपाटात बंद असते त्याची सत्ता किल्ली बाळगणाऱ्याकडे असते. ते छापले गेले की ती वाचणाऱ्याकडे जाते. विरोध पापाच्या भीतीने झाला हे खरे. परंतु किल्ली हातची जाण्याची भीती त्यात मुळीच नव्हती, असे म्हणवत नाही.

हेच हिराचंद नेमचंद ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाचे जनक होत, हा योगायोग नव्हे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यांनी एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी असा क्रम ठेवला होता. राज्यकर्त्यांना प्रजेचे म्हणणे कळावे आणि प्रजेला नव्या विद्येची ओळख व्हावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पन्नास वर्षांनंतर जैन समाजाने तेच केले. १८८५ च्या सुमारास ‘जैन बोधक’ आले. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा, म्हणजे आजची दक्षिण भारत जैन सभा, स्थापन झाली आणि तिच्या छत्राखाली पुढे ‘प्रगति आणि जिनविजय’ नावारूपास आले. शिक्षण, वसतिगृहे, बालविवाह, हुंडा, ग्रंथमुद्रण या विषयांवर समाजाने समाजाशीच बोलण्याची ही व्यासपीठे होती. ज्यांच्याविषयी इतर लिहितात, त्यांनी स्वतःविषयी लिहू लागणे ही सत्तेची एक छोटी पण खरी फेरवाटणी असते.

राज्यसत्ता वृत्तपत्रांवर हात टाकते तेव्हा ती ओळखू येते. १८७८ साली लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठीच वेगळा कायदा केला. इंग्रजी वृत्तपत्रांना त्यातून वगळले. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेस झाली. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्र कचेऱ्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला आणि पुढे दीर्घकाळ वृत्तनियंत्रण चालले. अशा वेळी संपादकीयाची जागा कोरी सोडण्याचा मार्ग काही वृत्तपत्रांनी पत्करला. आणि कोरी जागा वाचकांना बरोबर वाचता आली. दंडुका दिसतो, म्हणून त्याला तोंड देता येते.

दुसरी सत्ता अशी दिसत नाही. ती जमाखर्चाच्या वहीत असते. दैनिक वृत्तपत्राचा कागद, छपाई, वितरण आणि वेतन यांवर होणारा खर्च अंकाच्या किमतीतून भरून निघत नाही. मोठा वाटा जाहिरातींतून येतो. वाणिज्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर वाचक हा ग्राहक राहत नाही. वाचकाचे लक्ष हाच विक्रीचा माल होतो आणि जाहिरातदार हा खरा खरीददार ठरतो. दूरचित्रवाहिन्यांना तर हा नियम अधिकच लागू पडतो. मग ज्या बातमीने डोळे खिळतात ती आधी येते, आणि जिला समजून घेण्यास वेळ लागतो ती मागे पडते. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या प्रचाराला बातमीचे रूप दिले गेल्याच्या तक्रारी आल्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेने चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिच्या ७१ पृष्ठांच्या अहवालाऐवजी परिषदेने २०१० साली संक्षिप्त अहवालच प्रसिद्ध केला. मूळ अहवाल उघड होण्यासाठी माहिती अधिकाराच्या मार्गाने जावे लागले. पत्रसृष्टीच्या आत्मपरीक्षणाचीच बातमी पत्रसृष्टीत दबली, याहून बोलका दाखला कोणता?

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘इतकी मोठी वृत्तपत्रे जैन कुटुंबांच्या मालकीची असताना समाजाची बाजू नीट का येत नाही?’ असा प्रश्न मोर्चाच्या काळात अनेकांच्या तोंडी होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची मालकी गेल्या शतकाच्या मध्यापासून साहू जैन परिवाराकडे आहे आणि जवाहरलाल दर्डा यांनी १९७१ साली नागपूरहून सुरू केलेले दैनिक ‘लोकमत’ महाराष्ट्रात घरोघरी जाते, हे खरे. परंतु दैनिक हे सर्व वाचकांचे असते. मालकाच्या धर्माचे मुखपत्र होणे हे त्याचे काम नव्हे, आणि तसे ते झाले असते तर त्याच्या शब्दास वजनही राहिले नसते. मालकी बदलली म्हणजे बातमी बदलते, ही समजूत भाबडी आहे. बातमी बदलते ती बातमीदाराच्या हाताशी कोणते ज्ञान आहे, त्यावरून.

म्हणून त्या ऑगस्ट महिन्यात बातमीदाराच्या टेबलावर काय होते, ते पाहावे. न्यायालयाचा निकाल होता. त्यात दंड संहितेची कलमे आणि ‘आत्महत्या’ हा शब्द होता. याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. सायंकाळपर्यंत मजकूर देण्याची घाई होती. दुसऱ्या बाजूस ‘आमच्या धर्मावर आघात’ असे म्हणणारी निवेदने होती. भावना पुष्कळ होती, माहिती थोडी होती. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेसाठी घातलेल्या अटी किती निवेदनांत होत्या? निवारण न होणारा उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य किंवा असाध्य रोग यांपैकी कारण असल्याविना हे व्रत घेता येत नाही. तत्त्वार्थसूत्राने तर जगण्याची आसक्ती आणि मरणाची इच्छा या दोहोंनाही सल्लेखनेचे अतिचार मानले आहे. लवकर मरण यावे असे मनात येणे हाच ज्या व्रताचा दोष आहे, ते व्रत आत्महत्या कसे ठरेल, हा एक प्रश्न शंभर घोषणांपेक्षा भारी होता. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिलेला व्यापाऱ्याचा दृष्टांत तर कोणत्याही वाचकास पटावा असा आहे. व्यापाऱ्याला आपले कोठार जळावे असे कधीच वाटत नाही. आग लागली तर तो ती विझवू पाहतो. विझत नाही असे दिसताच मात्र तो कोठाराचा मोह सोडून आतील मौल्यवान माल वाचवतो. देह हे कोठार, आणि व्रत-शील हा माल.

हे सारे छापलेले, उपलब्ध आणि मराठीत अनुवादित आहे. तरीही ते त्या टेबलावर वेळेत पोहोचले नाही. याला केवळ पत्रकारांचे अज्ञान म्हणता येणार नाही. जे ज्ञान पोहोचविले जात नाही, त्याची स्थिती मूडबिद्रीच्या कपाटातील ताडपत्रांसारखीच असते.

काळ बदलला की शब्द कसा बदलतो, याचेही उदाहरण दूर नाही. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली आणि छत्तीस दिवसांनंतर, १८ सप्टेंबर रोजी त्यांचे समाधिमरण झाले. त्या काळात दर्शनासाठी कुंथलगिरीकडे लोकांची रीघ लागली होती. कलम ३०९ तेव्हाही पुस्तकात होतेच. १९८२ साली पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी अखेरच्या आजारात अन्न, पाणी व औषध नाकारून देह ठेवला. महाराष्ट्राने त्याकडे आदराने पाहिले. २०१५ साली त्याच जातीच्या निर्णयास गुन्ह्याचे नाव मिळाले. आणि अवघ्या तीन वर्षांनी, ९ मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असाध्य रुग्णाला कृत्रिम उपचार नाकारून सन्मानाने मरण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले, तेव्हा अनेक अग्रलेखांनी त्याचे स्वागत केले. दोन्ही प्रश्नांत भेद आहेत, हे मान्य करावयास हवे. तथापि अंतकाळी मनुष्याने काय नाकारावे हा प्रश्न वैद्यकाच्या भाषेत मांडला की तो ‘सन्मान’ ठरतो आणि व्रताच्या भाषेत मांडला की ‘प्रथा’ ठरतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आजच्या समाजात डॉक्टरच्या शब्दाला जे वजन आहे, ते साधकाच्या शब्दाला नाही. ज्ञानाची प्रतवारी आधीच ठरलेली असते. बातमी फक्त तिच्यानुसार रांग लावते.

परंतु येथेच थांबणे म्हणजे अनेकान्ताचा आधार घेऊन एकान्त सांगण्यासारखे होईल. याचिकेच्या मुळाशी असलेल्या शंकेतही सत्याचा अंश होता आणि समाजाने तो ऐकून घेणे आवश्यक आहे. वयोवृद्ध, परावलंबी आणि पुष्कळदा विधवा असलेल्या स्त्रीने घेतलेला निर्णय खरोखर तिचा असतो का? घराण्याच्या पुण्याईची आणि प्रतिष्ठेची ओढ तिच्यावर दडपण आणत नाही ना? मध्येच मन बदलले तर ‘मला पाणी द्या’ असे म्हणण्याची मोकळीक तिला असते का? हे प्रश्न विचारणारा प्रत्येक जण धर्मद्वेष्टा नसतो. शास्त्रानेही गुरूंची अनुज्ञा, साधकाची पात्रता आणि चित्ताचे समाधान यांवर भर दिला तो याच शंका मनात धरून.

या प्रश्नांची उत्तरे समाजाच्या स्वतःच्या नियतकालिकांत शोधावी, तर काय आढळते? समाधिमरणाचे वृत्त येते, त्यात दिवसांची संख्या येते, निघालेल्या वैकुंठीचे छायाचित्र येते, पुत्रपौत्रांची नावे येतात, देणगीचा आकडा येतो. जिने व्रत घेतले तिचे एखादे वाक्य मात्र क्वचितच येते. तिने का ठरविले, कोणाशी चर्चा केली, डॉक्टरांनी काय सांगितले, महाराजसाहेबांनी किती वेळा थांबविले, हे लिहिलेले नसते. चातुर्मासातील उपवासांच्या वृत्तांतही तोच प्रकार. तपाची नोंद आकड्यांत होते आणि आकडा हा स्पर्धेला निमंत्रण देतो. सभेच्या वृत्तांतात व्यासपीठावरील नावांची यादी अर्धा रकाना खाते आणि सभेत कोणी वेगळे मत मांडले असेल तर त्याला दोन ओळीही मिळत नाहीत. मोठ्या वृत्तपत्रांचा जाहिरातदार मोठा असतो, समाजाच्या मासिकाचा आश्रयदाता लहान असतो, नियम एकच. हिराचंद नेमचंदांनी ज्या कपाटाची किल्ली मागितली, तशी कपाटे आजही आहेत आणि त्यांतील काहींच्या किल्ल्या समाजाच्याच कमरेला आहेत.

मग सामान्य वाचकाने करावे काय? त्यासाठी नवे शास्त्र लिहिण्याची गरज नाही. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, ते पत्रकारितेच्या कोणत्याही आचारसंहितेत शोभतील असे आहेत. मिथ्योपदेश म्हणजे चुकीचे सांगून दुसऱ्यास भलत्या वाटेला लावणे. पूर्ण निकाल न वाचता त्याचा अर्थ सांगत सुटणे हे त्यातच मोडते, मग सांगणारा वार्ताहर असो वा भ्रमणध्वनीवर संदेश पुढे धाडणारा श्रावक. रहोभ्याख्यान म्हणजे कोणाचे एकांतातील जीवन चव्हाट्यावर आणणे. मृत्युशय्येवरील व्यक्तीच्या खोलीत कॅमेरा नेणे हे तेच, मग तो वाहिनीचा असो वा नातवाचा. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे. पैसे घेऊन छापलेली बातमी ही तिचीच आधुनिक आवृत्ती. आणि न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे. ठेवीदार ज्या भरवशाने पेढीवर रक्कम ठेवतो, त्याच भरवशाने वाचक संपादकाकडे आपला विश्वास ठेवतो. ठेव मागितल्यावर ती पुरती परत न करणारा सावकार आणि अर्धे सत्य देणारे वृत्तपत्र यांच्यात व्रताच्या दृष्टीने फरक नाही.

स्याद्वादाची गाठही येथेच पडते. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे, ‘एका अपेक्षेने’. प्रत्येक बातमी ही एका अपेक्षेने खरी असते. ती अपेक्षा कोणाची, हे विचारणे वाचकाचे काम आहे. बातमीतला मुख्य शब्द कोणी योजिला? ज्याच्याविषयी बातमी आहे, त्याचा आवाज तीत आहे का? ‘तज्ज्ञ’ म्हणून जो बोलतो, त्याचे ज्ञान या विषयातले आहे की केवळ त्याचे पद मोठे आहे? या अंकाचा खर्च कोण उचलतो? आणि जे छापलेले नाही, ते का नाही? हे पाच प्रश्न बाहेरच्या दैनिकाला विचारावेत. आणि तेच, तितक्याच कठोरपणे, घरात येणाऱ्या समाजाच्या मासिकालाही विचारावेत. जो केवळ दुसऱ्याच्या वृत्तपत्राला प्रश्न विचारतो त्याला अनेकान्त कळला नाही, आणि जो कोणालाच विचारत नाही त्याच्या हातून सत्याणुव्रत पाळले जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीने मोर्चे थांबले आणि विषयही थांबला. दरम्यान १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा मानणारे जुने कलम ३०९ तीत राहिले नाही. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा मात्र नव्या संहितेत कायम आहे. म्हणजे व्रत घेणाऱ्यापेक्षा त्याच्या उशाशी बसून सेवा करणाऱ्यांचा प्रश्न आज अधिक जिव्हाळ्याचा आहे. हा विषय पुन्हा केव्हा तरी पहिल्या पानावर येईल. त्या सायंकाळी एखादा तरुण बातमीदार कोणा जैन गृहस्थाला दूरध्वनी करून विचारेल, ‘काका, हे नेमके काय असते?’ त्या वेळी उत्तरादाखल घोषणा द्यावयाची की दोन पानांचे स्वच्छ, प्रामाणिक टिपण हाती ठेवावयाचे. त्या टिपणात शास्त्रातील अटींबरोबर वृद्धेच्या संमतीची काळजीही लिहावयाची की नाही, हे आज ठरवावयाचे आहे. प्रत्येक गावच्या मंडळाने, पाठशाळेने आणि महिला मंडळाने असे टिपण आधीच तयार ठेवले, तर नाव ठेवण्याचा अधिकार पुढच्या वेळी एकट्या दुसऱ्याकडे राहणार नाही.